पंपापासून तीनशे मीटर

सोलापूर
बुधवार, १२ मार्च २०२५

महादेवी,

तीन महिने झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. तुझ्या सासूबाईंना विचारलं तर अक्कम्मा म्हणाल्या, "ते काय मला कळत न्हाय बाई, फोन तिच्याकडंच असतोय." म्हणून टपालाने लिहिते आहे. एस.टी.त एकतीस वर्षं गाड्यांची वेळापत्रकं सांभाळली, पत्रं लिहायची सवय राहिली नाही. मजकूर कोरडा वाटला तर तसाच वाच.

आधी कामाचं. अक्षताचं प्लास्टर काढून महिना झाला. मांडीतली सळई वर्षभर राहील, पण कुबडी सुटली आहे. गेटपर्यंत जाऊन परत येते. एम.एस्सी.चं एक सत्र बुडालं, ते पुढच्या वर्षी भरून निघेल.

दुसरं. चन्नवीरप्पांच्या समाधीवर माती टाकून परतताना तू सगळ्या माणसांसमोर माझ्याकडे बोट केलंस आणि म्हणालीस, "हिच्या भिंतीनं माझा नवरा खाल्ला." त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही, तो दिवस उत्तर देण्याचा नव्हता. आज देते.

ती भिंत नाही, दुभाजक आहे. आमच्या नीलांबिका सोसायटीसमोर त्याला एक पंक्चर होतं, म्हणजे वळायला सोडलेली फट. तिथे एका वर्षात दोन माणसं गेली. त्यातली एक दुसरीतली मुलगी होती. तू तेव्हा फोनवर रडली होतीस. मी दोनशे बारा सह्या गोळा केल्या, पहिली सही माझी, आणि ते पंक्चर बंद करून घेतलं. त्यानंतर तीन वर्षं तिथे एकही अपघात झाला नाही. हे मी बरोबर केलं, आणि उद्या पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

बंद झाल्यापासून अक्कलकोटकडून येणाऱ्याने सोसायटीवरून पुढे दीड किलोमीटर चौकापर्यंत जायचं, तिथे वळायचं आणि पलीकडच्या बाजूने परत यायचं. सहा मिनिटं जास्त लागतात. ज्यांना ती सहा मिनिटं जड होतात, ते अलीकडेच पेट्रोल पंपापाशी वळतात आणि तीनशे मीटर उलट्या बाजूने येतात. त्या दिवशी अक्षता चन्नवीरप्पांना दुचाकीवर मागे बसवून तशीच आली. उशीर झाला होता, पोरीने घाई केली. हॉटेलापुढे उसाच्या दोन ट्रॉल्या चहासाठी थांबलेल्या होत्या. त्यांना वळसा घालून ती रस्त्याच्या मधे आली आणि समोरून सुताची बाचकी भरलेला टेम्पो आला. यात माझ्या दुभाजकाचा काय दोष?

बावीस वर्षांच्या वयात घाई होते, महादेवी. दवाखान्यात तू तिला विचारलंस, ती "मीच आले तिकडून" म्हणाली, आणि तू जी तोंड फिरवून गेलीस ती गेलीसच. तिला घरी न्यायला कुणी आलं नाही म्हणून मी इकडे आणलं. ती तुझी एकुलती एक मुलगी आहे. तिला घरी ने. राग माझ्यावर ठेव, मी पासष्टी ओलांडलेली बाई आहे, मला पेलतो.

तुझी अक्का


बुधवार, ९ एप्रिल

महादेवी,

अक्कम्मांचा फोन आला होता.

"तुजं पत्र आलंय. फोडलं न्हाय तिनं."

"मग परत पाठवा म्हणावं."

"परत बी पाठवत न्हाय की! देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलंय. रोज फळी पुसती, पत्र उचलती, पुसती, परत ठेवती. मी म्हटलं, अगं, ते काय विभूतीचं डबं हाय का? तर माझ्यावरच डोळं वटारती."

ठीक आहे. पुसायला आणखी एक पाठवते.

मी काम सुरू केलं आहे. सात दिवस, सकाळी नऊ ते दहा, गेटपाशी खुर्ची टाकून बसले आणि पंपाकडून उलट्या बाजूने येणारी वाहनं मोजली. सात तासांत तीनशे एकोणपन्नास. त्यात शाळेची व्हॅन आहे, दूधवाला आहे, कचऱ्याची घंटागाडी आहे. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी कुमार सातही दिवस आहे. हेल्मेट आरशाला अडकवलेलं.

"काकू, आज पण परीक्षा आहे का आमची?"

"हेल्मेट डोक्यात घाल. आरशाला पडसं होत नाही."

"दोन मिनिटांचा तर रस्ता आहे, काकू. तीनशे मीटरला काय होतंय?"

एरवी यावर मी त्याला चार वाक्यं ऐकवली असती. त्या दिवशी ऐकवली नाहीत. ऊन फार होतं.

आकडे घेऊन रस्ते विभागात गेले. तिथे कनिष्ठ अभियंता आहे, अभिमन्यू घाडगे म्हणून. वय तिशीच्या आत, बोलायला नम्र. मला खुर्ची दिली आणि मग फाइल काढली.

"मॅडम, हे ओपनिंग तुमच्याच अर्जावर बंद झालंय ना? पहिली सही तुमचीच आहे."

"आहे. बंद केलंत ते बरोबर केलंत. पण बंद करून माणसं कुठे पाठवलीत ते पाहिलंत का?"

"पर्यायी रस्ता तुम्ही तेव्हा मागितला नव्हता."

खरं होतं. मी दोन गाड्यांच्या वेळा आदळू नयेत म्हणून आयुष्यभर कागदावर रेघा ओढल्या. एक गाडी बंद केली तर तिचे प्रवासी कुठे जातील, हे डेपोत नव्या कारकुनाला मी पहिल्या दिवशी शिकवत असे. इथे मला सुचलं नाही. मी त्याला म्हटलं, "मागितला नव्हता. आता मागते."

मागण्या तीन. पंपापासून सोसायटीपर्यंतच्या कच्च्या पट्टीवर दोन्ही बाजूंनी जाता येईल असा वेगळा सेवा रस्ता, मुख्य रस्त्यापासून कठड्याने तोडलेला. पंपाच्या वळणावर गतिरोधक आणि दिवा. आणि हॉटेलापुढे उसाच्या ट्रॉल्या थांबवायला मनाई. अर्जात एक रकाना होता, 'अपघाताचं कारण'. त्यात मी लिहिलं, 'सोयीचा रस्ता नसणे व दुचाकीस्वाराची घाई'.

अक्षताने अर्ज स्वच्छ अक्षरात उतरवून दिला. त्या रकान्यापाशी ती थांबली नाही. तिचं अक्षर तुझ्यासारखं आहे, उजवीकडे कललेलं.

तुझी अक्का


मंगळवार, २० मे

महादेवी,

उन्हाने जीव नकोसा केला आहे. तुम्हालाही पाणी पाच दिवसांआड येतं, असं अक्कम्मा म्हणाल्या.

पोलीस ठाण्यातून सयाजी हवालदार नोटीस घेऊन आले होते. गुन्हा टेम्पोवाल्यावर आहे आणि अक्षतावरही आहे, हे तुला माहीत नसेल तर आता कळवते. उलट्या बाजूने गाडी चालवून वडिलांच्या मृत्यूला कारणीभूत, अशी ती भाषा आहे. वाचवत नाही, पण कागदावर तसंच आहे. जुलैअखेर कोर्टात तारीख आहे. वकील दिला आहे, पण अक्षता म्हणते, "मला वाद घालायचा नाही. झालंय ते कबूल करते." वकील कपाळाला हात लावून बसला.

हवालदार माणूस बरा आहे. मोहोळकडचा. पाणी प्यायला आणि म्हणाला, "पोरगी म्हणतीया रस्ता तिला ठावं हुता. पर मला येक समजंना झालंय बाई. तुमी हितं गेटवर बसून लोकास्नी उलटं येऊ देत न्हाय. सगळा भाग तुमाला भितोय. आन तुमच्याच घरची पोरगी उलटी कशी आली?"

"मी आत स्वयंपाकात होते," मी म्हटलं.

"व्हय, कार्याचं घर. मंग बराबर हाय." त्याने तांब्या खाली ठेवला आणि गेला.

अक्षता दारात उभी होती. तिने तांब्या उचलला आणि धुवायला नेला.

आता ती जिना चढते. सकाळी मला वर्तमानपत्र वाचून दाखवते, माझा चष्मा बदलायला झाला आहे म्हणून. मधेच स्वतःची टिप्पणी करते. हे जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज नव्हता. परवा भाजीवालीने विचारलं, "लेक का?" मी "हो" म्हणाले. ती मला दोड्डव्वा म्हणते, म्हणजे मोठी आईच; समजावून सांगत बसायला वेळ नव्हता.

तू तिला घेऊन जावंस हे माझं म्हणणं कायम आहे. पण या उन्हात तिला एवढा प्रवास झेपणार नाही. उन्हाळा संपू दे. घाई करू नकोस.

तुझी अक्का


गुरुवार, ३ जुलै

महादेवी,

मंगळवारी स्थळपाहणी झाली. अभियंता घाडगे, त्यांची दोन माणसं फीत घेऊन, सयाजी हवालदार, कुमार आणि मी. पंपापासून फीत लावली, दोनशे शहाऐंशी मीटर भरले. लोक तीनशे म्हणतात. कच्च्या पट्टीची रुंदी पुरेशी आहे. हॉटेलवाल्याचं पत्र्याचं छप्पर तीन फूट पुढे आलेलं निघालं. तो तावातावाने आला, "मी काय रस्ता खाल्लाय का? तीस वर्षं हितंच हाय मी." हवालदार म्हणाला, "तीस वर्षं हळूहळू पुढं सरकतुयास की गड्या." सगळे हसले. मीही हसले असावे.

घाडग्यांनी विनंती केली म्हणून अक्षता आली होती. त्यांना पाहायचं होतं की दुचाकीवाल्याला ट्रॉल्यांआडून काय दिसतं. ती काठी न घेता चालत त्या जागेपर्यंत गेली. मी म्हटलं, नको जाऊ, लांबून दाखव. ती गेली. बोट करून सांगितलं, "ट्रॉल्या इथे होत्या. इथून मी बाहेर काढली. टेम्पो दिसला तेव्हा एवढाच लांब होता. अप्पांच्या एका हातात हाराची पिशवी होती, दुसऱ्याने त्यांनी माझा खांदा धरला होता." आवाज हलला नाही. फीत धरलेला माणूस फीत गुंडाळायची विसरला.

घाडगे वहीत लिहीत होते. त्यांनी सहज विचारलं, वाईट हेतूने नव्हे, "तुम्ही अक्कलकोटच्या. नेहमीच्या येणाऱ्या नाही. पंपापाशी वळायचं हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

ती म्हणाली, "कुणी नाही. मीच."

मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. छत्री माझ्या हातात होती.

सेवा रस्त्याला तत्त्वतः मान्यता मिळेल असं घाडगे म्हणाले. गतिरोधक आणि पट्टे आधी होतील. कुमारने सगळ्यांना चहा पाजला आणि माझं कौतुक करणारं छोटंसं भाषण केलं. "काकूंसारखी माणसं प्रत्येक सोसायटीत पाहिजेत," असं काहीतरी.

डोकं दुखतं आहे. इथेच थांबते.


शुक्रवार, ४ जुलै

महादेवी,

आधीची चार पत्रं फळीवर न फोडता पडली असतील तर तशीच राहू देत. त्यांत खोटं थोडं आणि लपवलेलं पुष्कळ आहे. हे मात्र वाच. पाकिटावर तसं मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. अक्कम्मांनाही फोन करते आहे: तिच्या हातात द्या आणि ती वाचेपर्यंत समोरून उठू नका.

नऊ डिसेंबरला काय झालं ते वेळेप्रमाणे लिहिते.

यांचं पुण्यस्मरण होतं. अय्यांना, आपल्या जंगम गुरूंना, मी साडेबाराची वेळ दिली होती. मला मूल नाही, म्हणून अय्यांची पाद्यपूजा दर वर्षी चन्नवीरप्पा करायचे. ती झाल्याशिवाय अय्या ताटावर बसत नाहीत, आणि अय्या जेवल्याशिवाय घरात कुणी घास घेत नाही. हे तुला नव्याने सांगायला नको. पण आज काहीच गृहीत धरायचं नाही असं ठरवलं आहे.

साडेबारा वाजले. ते दोघे आले नव्हते. अय्यांना दीड वाजता होटगी रस्त्याला दुसऱ्या घरी जायचं होतं. त्यांनी एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, एवढंच. तेवढं मला पुरलं. एकतीस वर्षं ज्या बाईने गाडी मिनिटभर उशिरा सुटली तर चालकाला उभं केलं, तिच्या घरात गुरू येऊन बसलेले आणि वेळ टळलेली.

बारा अडतीसला मी अक्षताला फोन लावला. तिने गाडी पंपाच्या कडेला घेतली आणि मग उचलला. चालवताना फोन घ्यायचा नाही, हे मीच तिला शिकवलं होतं.

"कुठे आहात?"

"पंपापाशी, दोड्डव्वा. आलोच. चौकातून वळून येते."

"चौकातून कशाला? अय्या खोळंबलेत. पंपापाशीच वळ आणि सरळ ये."

"अगं, उलटं आहे ना ते? तूच ओरडतेस."

"आज ओरडत नाही. तीनशे मीटरला काही होत नाही. ये."

मागून चन्नवीरप्पांचा आवाज आला, "काय म्हणते ती?" अक्षता त्यांना म्हणाली, "उलटं ये म्हणते." ते हसले. म्हणाले, "मग आज कायदाच रजेवर आहे. चल."

त्यांचं ते शेवटचं बोलणं. ते मी ऐकलं आणि तुला सांगितलं नाही. नवऱ्याचं शेवटचं वाक्य तुझं होतं. सात महिने ते माझ्यापाशी राहिलं.

मी फोन ठेवला. तू मागच्या दारी केळीची पानं धूत होतीस. विचारलंस, "कुठपर्यंत आलेत?" मी म्हटलं, "पंपापाशी." बाकीचं सांगण्यासारखं तेव्हा काही नव्हतं. पाच मिनिटांनी कुमार धावत आला.

दवाखान्यात तू तिच्या उशाशी जाऊन विचारलंस, "कुणी सांगितलं होतं तुला तिकडून मरायला?" तिने माझ्याकडे पाहिलं. तू तिच्याकडे पाहत होतीस, तुला ते दिसलं नाही. मी म्हटलं, "आत्ता नको काही विचारू तिला." दयाळूपणाने म्हटल्यासारखं ते सगळ्यांना वाटलं. ती म्हणाली, "मीच आले." आणि तू गेलीस.

पहिले काही दिवस मी स्वतःला सांगत होते, ती जरा बरी होऊ दे, मग सांगते. मग म्हटलं, तुझा राग उतरू दे. मग रस्त्याचं काम हाती घेतलं आणि वाटलं, ते पुरं झालं की फिटेल. या सगळ्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती. तू तिला टाकलंस आणि ती मला मिळाली. तुला खरं कळलं तर तू येऊन तिला नेशील, हे मला माहीत होतं. मी तुला दर पत्रात 'ने' म्हणत होते आणि ज्या एका गोष्टीने तू नेली असतीस तीच लिहीत नव्हते.

पंक्चर बंद केलं ते बरोबरच केलं, हे मी अजूनही म्हणते. त्याबद्दल मी तुझी क्षमा मागत नाही. पोरीच्या तोंडून दोनदा 'मीच' ऐकलं आणि उभी राहिले, त्याबद्दल मागायला हवी. पण ती तुझ्याकडे मागायची की तिच्याकडे, ते मला ठरवता येत नाही.

आज सकाळी तिला सांगितलं की मी तुला लिहिते आहे. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "कशाला? अप्पा परत येणार आहेत का?"

"तू माझं नाव का घेतलं नाहीस?"

"गाडी मी चालवत होते, दोड्डव्वा. मला नाही म्हणता आलं असतं."

"माझ्यावर उपकार करायला गप्प बसलीस?"

त्यावर ती प्रथमच चिडली. महादेवी, ती चिडली की अगदी चन्नवीरप्पांसारखी कानापर्यंत लाल होते. "तुझ्यासाठी? आईसाठी! आईला एकच बहीण आहे. अप्पा गेले, मी नकोशी झाले. तू पण गेलीस तर ती बोलणार कुणाशी?" आणि मग म्हणाली, "तर तुम्ही दोघींनी एकमेकींशी बोलणंच टाकलंत."

तिने तुझ्यासाठी बहीण राखून ठेवली होती. तिला काय मिळालं ते आपण दोघींनी पाहिलं.

तिला घेऊन जा. ती दोषी असेल तर अर्धीसुद्धा नाही. तारखेच्या आधी ने. कोर्टात तिच्या मागे आई उभी असली पाहिजे.

गिरिजा


शुक्रवार, २५ जुलै

महादेवी,

हे शेवटचं. तू बोलावल्याशिवाय यानंतर लिहिणार नाही.

कामाचं आधी. तू रविवारी तिला घेऊन गेलीस, त्यानंतर मंगळवारी मी पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला. सयाजी हवालदारांनी तो उतरवून घेतला. मधे एकदा लेखणी थांबवून म्हणाले, "बाई, आता हे कशापायी? फोनचा पुरावा कुणी मागितला न्हाय." मी म्हटलं, "लिहा." सही केली. प्रत वकिलांना दिली आहे. ते म्हणतात, याने अक्षताचा गुन्हा पुसला जाणार नाही, पण न्यायाधीशांना विचार करायला जागा मिळेल. कबुलीजबाबाचा हट्ट तिने सोडावा. तू सांग, माझं ऐकणार नाही.

मग रस्ते विभागात गेले आणि अर्जातला तो रकाना बदलून मागितला. आता तिथे असं आहे: 'सोयीचा रस्ता नसणे, व अर्जदाराने स्वतः फोन करून उलट्या बाजूने येण्यास सांगणे.' घाडगे घाबरले. "मॅडम, याने तुमचाच अर्ज कमकुवत होतो." मी म्हटलं, "होऊ दे. उलट्या बाजूने येणारी तीनशे एकोणपन्नास वाहनं आहेत. ती चालवणाऱ्यांना घरून कोण बोलावतं तेही कुठेतरी नोंदलेलं असावं." त्यांनी शिक्का मारला. पंपाजवळ गतिरोधक झाला आहे, जरा उंच झाला आहे, त्याचीही तक्रार केली. पांढरे पट्टे मारले ते आठवड्यात पुसट झाले. सेवा रस्त्याची निविदा दिवाळीनंतर. ट्रॉल्यांच्या मनाईचा फलक लागला, गाळप सुरू झाल्यावर कुणी पाळतं का ते बघायचं. कुमार आता माझ्याकडे पाहत नाही. परवा उलटाच आला, पण हेल्मेट घातलेलं होतं.

आता रविवारचं.

अक्कम्मा रिक्षातच बसून राहिल्या. तू गेटाच्या आत आली नाहीस. अक्षताला म्हणालीस, "बॅग घे." ती बॅग घेऊन बाहेर आली, तेव्हा तू तिला जवळ घेतलं नाहीस. तिच्या पायाकडे पाहिलंस, बॅग स्वतःच्या हातात घेतलीस आणि तिला म्हणालीस, "हळू चल. घाई नाही." त्या पोरीने रस्त्यातच तुझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मी गेटाला धरून उभी होते. मला तिथून हलायला हवं होतं, मी हलले नाही.

तू रिक्षात बसलीस आणि परत उतरलीस. गेटापर्यंत आलीस. मला वाटलं आता हात उगारशील. बरं वाटलं असतं. तू म्हणालीस, "तू 'पंपापाशी आलेत' म्हणालीस आणि मी पानं मांडायला घेतली, अक्का. मी पानं मांडत होते." मग विचारलंस, "सात महिने ती पोर समोर बसलेली असताना तुझ्या घशाखाली घास कसा उतरत होता?"

मी उत्तर दिलं नाही. रिक्षावाला ऐकत होता, शेजारच्या गच्चीवर माणसं होती. पण ते कारण नव्हे. तू रागाने विचारलंस तरी ते खरोखर विचारलं होतंस, आणि मी आता तुला कुठल्याच प्रश्नाचं अर्धं उत्तर देणार नाही. म्हणून लिहून देते.

उतरत होता. अक्षता भाकऱ्या थापायची, एकेक गरम भाकरी ताटात वाढायची आणि मी जेवायचे.

गिरिजा